बांगड्यांची भेट

बेंगळुरूत, राजाजीनगरच्या ऑफिसात बसून मकरंद सामंतांनी कोकणातल्या एका बंदराच्या सांडपाणी केंद्राचा अहवाल लिहिला : 'शुद्ध करून समुद्रात सोडलेल्या या पाण्यानं माशांना कसलाही अपाय होत नाही.' आठवड्याभरातच त्या बंदरावरच्या मासेविक्रेत्या सुलोचना तांडेल तिथल्या यशवंतपूर स्टेशनवर गाडीतून उतरल्या आणि बर्फातल्या बांगड्यांचा डबा घेऊन थेट त्यांच्या टेबलापाशी आल्या.

झाकण उघडताच सामंतांचा चेहरा खुलला. "वा, ताई! इकडे असे बांगडे बघायला मिळत नाहीत हो. बायको आजच यांचं झणझणीत तिखलं करेल. कुठे मिळाले?"

"तुमच्या त्या पाइपाच्या तोंडाशीच, साहेब. पूर्वी तिथं होड्या भरायच्या, आता एवढेच गावले. म्हटलं, अहवाल तुम्ही लिहिलात, तर पहिला मान तुमचा."

सामंतांनी झाकण हळूच लावलं आणि डबा त्यांच्याकडे परत सरकवला.

"राहू द्या, ताई. विसरलोच मी... आमच्या घरी मासे कुणी खात नाही."

सुलोचनाताईंनी डबा उचलून काखेत घेतला.



"पाइप सुरू झाल्यापासून आमचं गिऱ्हाईकही हेच सांगतं, साहेब."