आवळलेली मूठ

शेजारून अजस्र ट्रक सुसाट गेला आणि गाडीमागचा छोटा ट्रेलर झुलू लागला. “अगं, ब्रेक मार!” नवरा किंचाळला. शुभानं गाडीचा ब्रेक मारला नाही. तिनं ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला, स्टिअरिंग सरळ धरलं आणि डॅशबोर्डवरचा फक्त ट्रेलरचा वेगळा ब्रेक बोटानं दाबला. ट्रेलर मुकाट्यानं ताळ्यावर आला. गॅस स्टेशनवर थांबून तिनं ट्रेलरचं दार उघडलं. जड सामान पुढे ठेवा, नाहीतर ट्रेलर झुलेल, असं कानीकपाळी ओरडून सांगूनही नवऱ्यानं आयसेलिनच्या भारतीय दुकानातून आणलेल्या तांदळाच्या बॅगा थेट मागे रचल्या होत्या. तिनं त्या एकटीनं पुढे ओढल्या. “पुरे झाली तुझी ट्रेलरमध्ये राहून भटकायची हौस! रिव्हर्स घे, घरी जाऊ,” नवरा म्हणाला. रिव्हर्स घ्यायचा तर गाडी आणि ट्रेलरमधला, झुलणं आवरणारा दांडा आधी सैल करावा लागतो. शुभानं वाकून त्याची मूठ आणखी आवळली. “बसा गाडीत. एवढे तांदूळ संपल्याशिवाय मी परतणार नाही.”