शंभर नागरिकांचा अनुभव

तक्रारी घेणारं टचस्क्रीन मशीन कुणाकडनं घ्यायचं, त्या टेंडरात नवीच अट होती: शंभर नागरिकांनी मशीन वापरून आपला अनुभव फॉर्मवर लिहून द्यायचा. बेंगळुरूच्या कंपनीचा साहेब फॉर्मांचा गठ्ठा घेऊन नगरसभेच्या कचेरीत आला. व्हरांड्यातल्या मोठ्या खोक्यावर बूड टेकून त्यानं शिपाई धुळाप्पापुढं शाईचं पॅड सरकवलं. प्रत्येक फॉर्मवर 'वापरायला अतिशय सोपं' असं आधीच छापलेलं होतं.

"एकच अंगठा नको, बोटं बदलत जा."

"साहेब, नळाची तक्रार घेऊन तिकडं पन्नास बाया हुब्या हाईत. त्येंला कामून इचारत न्हाई?"

"त्या अडाण्यांना काय कळतंय मशीनमधलं?"

असले टायवाले धुळाप्पानं पुष्कळ बघितले होते. त्यानं दहाही बोटांचे ठसे दहा-दहा वेळा उठवले. साहेब खूश झाला. शेवटच्या फॉर्मवर पेन टेकवून म्हणाला, "खाली एक सूचना लिहावी लागते. नागरिक म्हणून सांगा काहीतरी."

धुळाप्पानं बोटं टॉवेलाला पुसली.

"लिवा, मशीन एकदा खोक्यातनं बाहीर काढावं. पर त्येच्यासाठी आधी तुमाला उठावं लागतंय."