पक्का पुरावा

सर्वेक्षक बाईंनी गुडघाभर चिखलात उभं राहून डबक्यातले बेडूक मोजले. अख्ख्या जातीचे अकराच उरले होते. त्यांनी फोटो जोडून, धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत नाव घालण्यासाठी अर्ज केला.

समितीचे साहेब फोटो बघून हसले. "बाई, फोटो काय, कोणीही काढतं. नमुना आणा."

"साहेब, अकराच आहेत हो."

"म्हणून तर पुरावा पक्का हवा!"

लेखी हुकूमच आला, तेव्हा बाईंनी एक बेडूक स्पिरिटच्या बाटलीत घालून आणला. पुढच्या बैठकीत कुणीतरी शंका काढली, एकावरून काय कळणार, नर-मादी दोन्ही नकोत का? मग आणखी दोन गेले. एका तज्ज्ञांना पोट फाडून बघायचं होतं. दुसरे रजेवर होते, ते परत आल्यावर म्हणाले, माझ्यासमोर काहीच झालेलं नाही, पुन्हा आणा. बाई दरवेळी मनातल्या मनात शिव्या हासडत डबक्यावर जायच्या.

तीन वर्षांनी समितीचं एकदाचं एकमत झालं. प्रजाती अतिधोक्यात! साहेबांनी हौसेनं मोठी पाटी रंगवून घेतली, 'दुर्मीळ बेडकांचं वसतिस्थान. कृपया त्रास देऊ नये.' फोटोग्राफर बोलावला, कोट चढवला आणि हातोडी घेऊन ते बाईंच्या खोलीत आले.

"चला बाई, जागा दाखवा. कुठे ठोकायची?"

बाईंनी बाटल्यांच्या कपाटाकडे बोट केलं.



"याच दारावर ठोका, साहेब. अकराही आतच आहेत."