ओळखीचा नाद

इनास डाबरेने दोर खेचला आणि मनोऱ्यातली तीनशे वर्षांची घंटा घणघणली. खाली बाजारात एकही मान वर झाली नाही.

इनास सोडून शहरात सगळ्यांच्या कानांत चकत्या होत्या. भुंकणं, भांडणं, रडणं असले नकोसे आवाज त्या गाळून टाकत. घंटेचे रोजचे ठोकेही त्यांनी कधीच गाळले होते. धोक्याच्या सूचना चकत्यांवरच येत, पण समुद्राखालच्या भूकंपाने त्या पोचवणारी केबल तुटली होती. वरून इनासला दिसत होतं, खाडीतलं पाणी भराभर मागे हटत होतं आणि होड्या चिखलात कलंडल्या होत्या. त्याची मुलगी सेवरीन मात्र टोपलीपुढे बसून मासळी निवडत होती.

चकती ओळखीचाच नाद गाळते, हे इनासला एकदम सुचलं. त्याने पहार उचलली आणि घंटेवर वेडेवाकडे घाव घातले.

बाजार दचकला. माणसांनी वर पाहिलं, मग खाडीकडे, आणि सगळे टेकडीकडे धावले. सेवरीन तेवढी मनोऱ्याकडे आली.

"बाबा, खाली या!"

"आता वेळ नाही! तूच वर ये!"

ती वर पोचते तोच खालचं दार फुटलं. पाणी जिना चढू लागलं. अकरा पायऱ्या उरल्या आणि ते थांबलं.

"वाचले ना सगळे?" सेवरीन धापा टाकत म्हणाली. "किती शांत झालंय."

इनासने तिच्या कानातली चकती काढली, आणि तिला खालच्या गल्ल्यांमध्ये पाण्यात सापडलेल्यांचा आक्रोश ऐकू आला.