शनाख्त

“काकासाहेब, बाईचं तोंड पाहिलं होतं का तुम्ही?” बद्रीनाथने पुन्हा विचारलं.

काकासाहेबांनी पानाचा डबा जवळ ओढला, पण उघडला नाही. जालन्यात ज्याला खटला जिंकायचा असे तो दुसऱ्या वकिलाकडे जाई. ज्याला आपला शब्द खरा ठरवून हवा असे तो काकासाहेबांकडे येई. त्यांनी मान डोलावली की रजिस्ट्री कचेरीतले साहेब डोळे मिटून सही करत. आणि आज त्यांच्याच हाताखाली तयार झालेला वकील त्यांच्याच ओसरीवर बसून त्यांची उलटतपासणी घेत होता.

“भोकरदनला वकिली सुरू केली तेव्हा मला अदालतीत चालणारं उर्दू धड येत नव्हतं,” काकासाहेब म्हणाले. “पक्षकार मराठीत रडायचा आणि मी मुन्सिफसाहेबांसमोर उर्दूत अडखळायचो. पण खोटं म्हणशील तर कधी...”

“मी त्या दिवसाचं विचारतोय.”

पंधराएक वर्षांपूर्वीच्या त्या दिवसाची हकिकत लहानशीच होती. जेठमल शेठची विधवा भावजय भगवतीदेवी हिने घरातला आपला वाटा दिराला लिहून दिला, असा दस्त झाला होता. अंगठा देणारी बाई हनुवटीखालपर्यंत घुंगट ओढून बसली होती. हीच भगवतीदेवी, अशी शनाख्त काकासाहेबांनी दिली. वकिलाने ओळख पटवली की झालं, कचेरी पुढे काही विचारत नसे. दस्ताची गोष्ट भगवतीदेवीला कळली ती जेठमलने यंदा तिला घराबाहेर काढलं तेव्हा. आपण त्या कचेरीची पायरीसुद्धा चढलो नाही, असं ती शपथेवर सांगत होती. अंगठा म्हणावा तर दस्तावर नुसता शाईचा डाग होता. सध्या ती धर्मशाळेच्या मागच्या खोलीत राहत होती आणि तिचा खटला बद्रीनाथने घेतला होता. तिला घर परत मिळायचं तर काकासाहेबांनी उद्या अदालतीत खरं बोलायला हवं होतं.

“मारवाड्याच्या घरची सून,” काकासाहेब हळूच म्हणाले. “तिला घुंगट वर कर म्हणणार कोण? दीर शेजारी बसलेला. तो म्हणाला ही भाभी, मी म्हणालो हीच भाभी. सगळे वकील असंच करत होते. अजूनही करतात.”

“म्हणजे पाहिलं नव्हतं.”

“नाही.”

“काही बोलली का ती?”

“साहेबांनी कबूल आहे का विचारलं, तेव्हा बोलली. एखादाच शब्द.”

“काय म्हणाली?”

“आता आठवत नाही,” काकासाहेब म्हणाले आणि खाली बघू लागले.

बद्रीनाथला खरं तर आनंद व्हायला हवा होता. वाटली ती लाज. याच ओसरीवर काकासाहेबांनी त्याला उर्दूत अर्ज लिहायला शिकवलं होतं, कितीदा तरी पंगतीला बसवून घेतलं होतं. बापासारख्या माणसाची मान आपण खाली घालायला लावतोय, हे त्याला सोसवेना.

“मला वाईट वाटतं, काकासाहेब. पण माझ्या मायनं चार घरची दळणं दळून मला हैदराबादपर्यंत शिकवलं. जेठमलचंही दळण दळलं. ते काय मी गप्प बसावं म्हणून?”

“नुसत्या दळणावर?” काकासाहेब बोलून गेले. लगेच त्यांनी डबा उघडला आणि सुपारी कातरायला घेतली.

बद्रीनाथला ते फार लागलं. मायच्या कष्टांवर कुणी शंका घेतलेली त्याला खपत नसे.

“उद्या येतो मी,” काकासाहेब म्हणाले. “तोंड पाहिलं नव्हतं, एवढं हलफेवर, शपथ घेऊन सांगतो. त्यात माझी वकिली गेली तर जाऊ दे. पण ती बाई कोण होती, हे मला विचारू नकोस.”

“म्हणजे तुम्हाला माहीत आहे?”

“विचारू नकोस म्हणालो ना.”

“अजून जेठमलला वाचवताय?”

काकासाहेब पानाला चुना लावू लागले. बद्रीनाथ चपला घालून निघाला. रस्ताभर त्याला म्हाताऱ्याची कीव येत होती आणि रागही येत होता. असली वकिली आपल्या हातून व्हायची नाही, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं.

घरी सगुणाबाई भाकरी थापत होती. हा खटला घेतल्यापासून ती लेकाशी नीट बोलत नव्हती. मोठ्यांच्या वाटेला जाऊ नको, एवढंच एकदा म्हणाली होती. माय शेठला भिते, असं बद्रीनाथने धरून चाललं होतं.

“झालं, माय. काकासाहेब उद्या खरं सांगणार. भगवतीदेवीला घर मिळतंय बघ.”

“आन् ती बाई कोण व्हती म्हन्ले?”

“ते सांगत नाहीत. पण मी सोडतो का? चार लोकांत नाव घ्यायला लावीन. दुसरीच्या डोक्यावरचं छप्पर काढून घ्यायला गेली, असल्या बाईला काही लाज?”

सगुणाबाईने भाकरी तव्यावर टाकली, ती दुमडून पडली. तिने ती सरळ केली नाही.

“काकासाहेबाला नको तरास देऊ,” ती म्हणाली. “लई भला मानूस हाय. उद्या मला घेऊन चल.”

“तुला कशाला? तिथे दिवसदिवस बसावं लागतं.”

“बसन की. मागं बी बसल्ते कचेरीत. शेठ म्हन्ला, पोराच्या शिकन्याचा समदा खर्चा मी करतो, तू निस्ता घुंगट घेऊन बस.”