आवाज नाय आला

टीव्हीच्या पाठीमागं हात घालून वैशालीनं तिन्ही पिना खोचल्या. पिवळी चित्राची, पांढरी आणि लाल आवाजाची. वायरीचं दुसरं टोक तळहाताएवढ्या व्हिडिओ प्लेअरमध्ये. प्लेअर नवऱ्याचा, निकेशचा. घरात केबल नव्हती, केबलचा डबा नव्हता. छपरावरचा अँटेना पकडेल ते टीव्हीत आणि टीव्हीतून प्लेअरमध्ये. निकेश नागोठण्याच्या कंपनीत शिफ्टला जाता-येता बसमध्ये सिनेमे बघायचा. ते भरून ठेवायचं काम वैशालीचं.

आज सिनेमा नव्हता. आज तिला धाकटी जाऊ भरायची होती.

गणपती दहा दिवसांवर आले होते. टीव्हीसमोर बसायला हमरापुरात कुत्रंसुद्धा रिकामं नव्हतं. घरचे सगळे कारखान्यात मूर्तींचा ट्रक भरत होते. जिचा कार्यक्रम ती मनाली आदल्या दिवशीच रोह्याला आईकडे गेली होती, आळीतल्या बायकांना जमवून स्वतःला टीव्हीवर बघायला. मघाशी तिचा फोन आला. ऐन वेळी इथली लाईट गेली, वहिनींना सांगा भरून ठेवायला. सासूनं, सगुणाबाईनं, वैशालीच्या हातातला ब्रश काढून घेतला आणि तिला घरी पिटाळलं. वर म्हणाली, मनालीसारखं चार लोकांत बोलता आलं पाहिजे माणसाला, तुझ्यासारखं मान खाली घालून काय होतंय.

कार्यक्रम लागला. मनाली पडदाभर. गुलाबी साडी, केसांत गजरा.

"आमच्याकडे ना, ही कला पिढ्यान्‌पिढ्या आहे."

आमच्याकडे ना. ही आली तीन वर्षांपूर्वी, आणि कारखान्यात करते काय, तर मूर्तीच्या पीतांबराला पिवळा रंग मारते.  वैशालीनं टीव्हीमागं हात घातला आणि पांढरी नि लाल, दोन्ही पिना उपटल्या. पिवळी तेवढी राहू दिली. दिस म्हणावं. दिस हवी तेवढी.

तिनं भरायचं बटण दाबलं. टीव्ही बोलत राहिला, प्लेअर मुकाच भरत राहिला.

मग पडद्यावर हात आले. नुसते हात, बारीक ब्रश आणि गणपतीचा कोरा चेहरा. डाव्या अंगठ्याचं नख काळं. ब्रशचं टोक नखावर टेकवून बघायची सवय अख्ख्या कारखान्यात एकट्या वैशालीला होती. ब्रश खाली आला, पापणीची रेघ एका दमात वळली, डोळा उघडला. वैशाली श्वास धरून बघत राहिली. सोळा वर्षं ती डोळे आखत होती, पण स्वतःचे हात असे लांबून तिनं कधी बघितले नव्हते.

त्या हातांवर मनालीचा आवाज चालू होता. "डोळे मीच आखते. मी लग्न होऊन आले, तेव्हा इथे कुणाला धड जमत नव्हतं."

वैशालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दोन्ही पिना मुठीत होत्या. क्षणभर वाटलं, खोचाव्यात, हे भरून घ्यावं आणि सासूच्या कानाला लावावं. पण सासू ऐकेल, तशा रोह्यातल्या बायकाही ऐकतील. टीव्हीत आलेलं रोह्याला खरंच वाटणार.

"मर तशीच मुकी," ती टीव्हीला म्हणाली.

संध्याकाळी सासूनं विचारलं तेव्हा तिनं सांगितलं, चित्र आलंय, आवाज नाय आला. पीन ढिली असंल. मी ट्रकचा आवाज ऐकून अंगणात गेले होते, मला पण काय ऐकू नाय आलं.

दुसऱ्या दिवशी सासूनं तिलाच एसटीनं रोह्याला धाडलं, कारण मनालीला ते मशीन चालवता येत नव्हतं. तिथंही वैशालीनं तेच सांगितलं. मनालीच्या आईनं, विमलबाईनं, प्लेअर स्टीलच्या डब्याला टेकवून ठेवला. आठ-दहा बायका माना एकात एक घालून बसल्या. मनालीचे ओठ हलू लागले.

"काय बोलतेस गो?" विमलबाईनं विचारलं.

मनाली सांगू लागली. पिढ्या, कला, कारखाना. टीव्हीवर बोलली होती त्याच्या दुप्पट. आणि हात आले.

"इथं काय बोलतेस?"

मनालीनं वर बघितलं. समोर वैशाली बसली होती, तिची नजर प्लेअरवर नव्हतीच. बोल, तिची नजर सांगत होती. माझ्या तोंडावर बोल.

 मग तिचा चेहरा हळूहळू उजळला.

"इथं मी सांगतेय, डोळे आमच्या वहिनी आखतात. हे ह्यांचेच हात हायत. मी म्हटलं, मी कोण, मी तर ह्यांच्याकडे बघून शिकतेय."

 विमलबाईनं पदरानं डोळे टिपले. शेजारची एक म्हणाली, माझी जाऊ तर माझ्या भाकरीलासुद्धा बरं म्हणत नाय, आणि ही टीव्हीवर जाऊन जावेचं नाव घेते.

खोटं बोलते ही, वैशालीच्या अगदी ओठावर आलं. टीव्हीवर नेमकं उलटं बोलली. पण लगेच पुढचा प्रश्न येणार होता. तू कुठं ऐकलंस गो?

तिनं प्लेअर उचलायला हात पुढं केला.

विमलबाई लेकीच्या पाठीवरून हात फिरवत होती. दारात आणखी एक बाई चपला काढत होती, तिला सरकून जागा करून देत विमलबाई वैशालीला म्हणाली, "नशीब काढलंस गो, अशी जाऊ मिळाली. लाव परत पहिल्यापासून, हिनं नाय बघितलं."

वैशालीनं बटण दाबलं.