छबूनं आवरलेला हात

हिरवा दिवा लागला. छबूनं हात उचलला नाही.

"लाव परत," डॉक्टर प्रवीण म्हणाले. त्यांची मदतनीस असलेल्या वैष्णवीनं कळ दाबली.

बीडबाहेरच्या या संशोधन केंद्रात छबू सगळ्यात हुशार माकडीण. दिवा लागला की हात लांबवून दांडी ओढायची; मग नळीतून सीताफळाचा गर मिळायचा. तिच्या कवटीत बसवलेल्या काचेवर सूक्ष्मदर्शक टेकवलेला असे. हात हलताना मेंदूतल्या ज्या पेशी जाग्या होत, त्या पडद्यावर ठिपक्यांसारख्या चमकत.

बाळंत झाल्यापासून मात्र छबू चुकत होती. आजही चुकली, तर तिला पिल्लासकट शिरूर कासारच्या प्राण्यांच्या निवाऱ्यात सोडायचं ठरलं होतं.

वैष्णवीला तेच हवं होतं. कामाच्या वेळी पिल्लू शेजारच्या पिंजऱ्यात गजांना धरून ओरडायचं, तेव्हा तिला घरी सासूपाशी ठेवलेली तान्ही लेक, संस्कृती, आठवायची. म्हणून महिनाभर, डॉक्टर जेवायला गेले की ती दिवा लावायची, आणि छबूनं हात आवरला तरच गर द्यायची.

हे फक्त पिंजरे धुणाऱ्या अल्ताफभाईंना ठाऊक होतं. "ताई, तुमी लई शिकलेल्या," ते म्हणाले होते, "पर डॉक्टर काय खुळा न्हाई."

दिवा पुन्हा लागला. छबूची बोटं थरथरली. हात मांडीवरच राहिला.

"बाळंतीण हाय साहेब," अल्ताफभाई दारातून म्हणाले. "सारं ध्यान पिल्लात. द्या सोडून."

डॉक्टर पडद्यावर वाकले. ठिपके रसरसून पेटले होते.

"हिला दिवा कळतोय," ते म्हणाले. "हात उचलायचाय, आणि ही तो दाबून धरतेय. हे आपोआप होत नसतं. कुणी शिकवलं?"

अल्ताफभाईंनी बादली उचलली आणि तशीच खाली ठेवली.

"मी, सर." वैष्णवी पुढे झाली. "त्यांचा काही संबंध नाही. मला काढा, पण हिला जाऊ द्या."

"काढू?" डॉक्टरांनी पडद्यावरची नजर हलवली नाही. "अहो, हात आवरताना मेंदूत काय होतं, तेच तर मला हवं होतं. कुणाला शिकवताच येत नव्हतं. आता छबू कुठंही जाणार नाही."

मग ते शेजारच्या पिंजऱ्याकडे वळले.

"आणि हे जरा मोठं झालं की, याला तुम्हीच शिकवा."